लस्सा जूची चादर

शाबान २, बुधवार

हकीमानं नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाला, "लस्सा जू, तुझ्या पोटात अन्न जळत नाही, शब्द जळतायत. बोलायची सोय नसेल तर लिहून काढ." वर ओव्याची पुडी दिली. म्हणून ही वही. झूनला वाटतंय मी बागेच्या नळांची मापं लिहितोय. माझ्या बायकोला वाचता येत नाही, हे एक बरंय.

तर लिहितो. लाहोरहून तो मीर तुराब येतोय.

दिलआसा बागेचं पाणी मी बघतो. डोंगरातल्या झऱ्यापासून खाली तळ्यापर्यंत पाट, हौद, कारंजी, सगळं. कुणी मला तशी सनद दिलेली नाही, पण दुसरं कोण बघतं? मोठ्या बेगमसाहिबांनी डोंगर कापून बागेच्या चार पायऱ्या आखल्या, तेव्हा मला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. चारी पायऱ्यांच्या मधोमध पाण्याची सरळ रेघ. तिसरीवरून दुसरीवर पाणी ज्या उतरत्या शिळेवरून घसरतं ती चादर माझ्या हातची. माशाच्या खवल्यांसारखी कोरलीय, पाणी खवल्यांवर आपटत येतं आणि पांढरंशुभ्र होतं. बेगमसाहिबा म्हणाल्या होत्या, "या पोरानं डोंगराला पांघरूण शिवलं." हे मी अधूनमधून लोकांना सांगतो. झून म्हणते, अधूनमधून नाही, रोज.

आता त्यांची नात, शाहजादी हुमाबानू, बर्फ पडायच्या आत लाहोरला उतरणार. त्याआधी महिनाअखेर बागेत येणार. वरची जनान्याची पायरी अर्धवट पडलीय, ती पुरी करायला हा मीर तुराब. दारोगा फीरोज बेगनं आज सगळ्यांसमोर सांगितलं, "ज्याचं काम शाहजादींच्या मनात भरेल तो मीर-ए-आब. बागेच्या पाण्याचा धनी. दुसऱ्यानं त्याच्या हाताखाली राबायचं, नाहीतर वाट धरायची."

जन्म गेला माझा त्या पाण्यात, आणि आता आयत्या बिळावर नागोबा. ओव्याची अर्धी पुडी संपली.

शाबान ४, जुम्मा

आला. काटकुळा आहे. हात बाईसारखे गोरे, जोड्यांची टोकं वर वळलेली. फारसी अशी बोलतो जशी तोंडात खडीसाखर धरलीय. दारोगा त्याच्यापुढे नुसता वितळला.

आणि मला काय म्हणाला? "उस्ताद!" सगळ्या गवंड्यांसमोर कमरेत वाकून. मला मस्करी कळत नाही असं वाटतं की काय याला? नंतर माझ्या चादरीपाशी गेला, उकिडवा बसला, ओल्या खवल्यांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "उस्ताद, ही कोरताना तुम्ही छिन्नी उलटी धरलीत ना? खालून वर?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी म्हटलं, "आठवत नाही."

शाबान ७, सोमवार

झूननं त्याला नदरू पाठवले, तळ्यातल्या कमळाच्या देठांची भाजी. आमच्याच चुलीवरचे, आमच्याच भांड्यातून! मी विचारलं, "का?"

"परका माणूस आहे, एकटा आहे. दारोग्याच्या घरचं मटण त्याला सोसत नाही. बघा ना कसा वाळलाय."

"मीही वाळलोय."

"तुम्ही?" ती इतकी हसली की हातातला पळा खाली पडला. "तुम्ही अंगातल्या फेरनची शिवण उसवायला आलात अहो."

संध्याकाळी तो भांडं परत द्यायला स्वतः आला. दारातूनच म्हणाला, "भाभी, लाहोरात असं कुणी करत नाही." भाभी म्हणे! ओळख ना पाळख. झून लाजली. एवढं म्हातारपण आलं, तिच्या हातचं इतकी वर्षं गिळतोय मी, मला कधी अशी लाजलेली दिसली नाही. आता मी कधी काही म्हणालो होतो का, ते आठवत बसलोय. आठवत नाही.

शाबान ९, बुधवार

याला काम नावाची गोष्ट माहीत आहे का? वरच्या पायरीवर गवंडी भला थोरला हौद खणतायत आणि हे साहेब सुला हांजीच्या नावेत लोळतायत. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत. ही नाव उभी कुठे, तर बरोबर आमच्या घरासमोर. तळ्याच्या काठाला आमचं घर, अंगणात झूनची कपडे वाळत घालायची दोरी. आमच्या घराच्या डोक्यावर बागेचा दरवाजा आणि त्यावर बाग, ते खरं. पण बाग बघायला नावेत कशाला बसायला हवं? बागेत उभं राहून बाग दिसत नाही का?

मी काही नावेत बसत नाही. पाय ठेवला की पोट ढवळतं. काश्मिरी असून नावेत न बसणारा म्हणून सगळं तळं मला हसतं. सुला तर म्हणतो, लस्सा जू म्हणजे बकरी, पाणी प्यायला चालतं, पाण्यात उतरायला नको. ठीक आहे. मी आपला पायवाटेनं जातो, वरच्या दरवाजानं आत शिरतो. पाणीही वरूनच येतं.

शाबान ११, जुम्मा

माझी चादर कोरडी पडली.

नमाजाहून परत आलो आणि खवले उन्हात उघडे. वर पळत गेलो. नव्या हौदाला दोन तोंडं केलीत. एक त्याच्या नव्या कारंज्यांकडं, एक माझ्या चादरीकडं. माझ्या तोंडावर दगडी फळी बसवून टाकली. शरदात झरा आधीच बोटभर झालेला. तेवढंही पाणी हौदात कोंडून घेतलंय या माणसानं.

"हे काय?" मी ओरडलो.

"थोडी कळ काढा उस्ताद. हौद भरू दे. सगळं पाणी त्या दिवशीच सोडायचं."

"कुठे सोडायचं?"

तो हसला. "त्या दिवशी बघा."

बघायचं काय त्यात? बारा कारंजी उडणार, शाहजादी वर बसून टाळ्या वाजवणार, खाली माझी चादर कोरड्या हाडासारखी पडलेली. मी दारोग्याकडे गेलो. दारोगा म्हणाला, "मीरसाहेबांनी मला समजावलंय सगळं. तू फार कटकट करतोस लस्सा." त्याला समजावलंय. मला नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन झूनवर ओरडलो. तिचा काही संबंध नव्हता.

शाबान १५, मंगळवार

शब-ए-बरात. झूननं हलवा केला. पहिलं ताट मशिदीत, दुसरं मीर तुराबला. तिसरं मला.

दुपारी सुला हांजी हलवा खायला आला. खाता खाता सहज म्हणाला, "तुमचा मीरसाहेब वेडा आहे हो उस्ताद. काल मला म्हणतो, सुला, मी लस्सा जूच्या चादरीपायी घर सोडून इतक्या लांब आलो. तिच्यावर नजर पडली आणि मी कामातून गेलो. तिला एकदा नीट बघावं, तिच्यासाठी काहीतरी करावं, मग मेलो तरी चालेल. असं बोलतो आणि डोळे पुसतो!"

माझ्या हातातला घास तसाच राहिला.

झूनची मंजिष्ठात रंगवलेली लाल चादर त्या वेळी दोरीवरच वाळत होती. वाऱ्यानं हलत होती. नावेतून ती सगळ्यात आधी दिसत असणार.

सुला गेल्यावर मी चादर ओढून आत आणली.

शाबान १६, बुधवार

"माझी चादर कुठाय?" झूननं विचारलं.

"आत. यापुढे आत वाळवायची."

"आत? चुलीच्या धुरात?"

"लोक बघतात."

"लोकांनी चादर बघितली तर काय झिजते का ती?" मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "अहो, तुम्हाला काय झालंय?"

मी म्हटलं, "काही नाही. पोट दुखतंय."

"मग पोटात दुखेल त्यानं ओवा मागावा. दुसऱ्यांच्या चादरी कशाला ओढाव्यात?"

मी धीर करून विचारलं, "तो मीर तुराब तुझ्याशी काय बोलतो?"

ती हसली. अगदी तशीच, लाजल्यासारखी. "तुम्हाला सांगायचं नाही असं वचन घेतलंय त्यांनी. त्या दिवशी कळेल. कळेल तेव्हा या लाहोरवाल्याचे पाय धराल तुम्ही."

दोघांचं गुपित आहे आणि ते ती मला तोंडावर सांगतेय! माणूस असा निर्लज्ज होतो की भोळा होतो, काही कळेना. मी जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो.

शाबान २१, सोमवार

आज त्यानं मला गाठलं. मी कोरड्या चादरीतली पानं काढत होतो. पिकलेल्या चिनारांची पानं खवल्यांत अडकतात, ती मीच काढतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

म्हणाला, "उस्ताद, शनिवारी शाहजादींची सवारी तळ्यावरून येईल. तुम्ही माझ्याबरोबर नावेत चला."

"मला नाव सोसत नाही. सगळं गाव जाणतं."

"घडीभर फक्त. मी धरून बसेन तुम्हाला."

म्हणजे शाहजादीसमोर मी ओकायचं आणि यानं माझी पाठ चोळायची. वा रे वा. मी सांगितलं, "मी वर असेन. तुमच्या हौदापाशी."

त्याचं तोंड उतरलं. "वरून नाही दिसायचं, उस्ताद."

"काय नाही दिसायचं?"

पुन्हा तेच हसू. मी पानं वेचत राहिलो. जाताना त्यानंही चारदोन पानं वेचली. नेमकी खवल्याच्या मुळाशी बोट घालून काढली, जशी मी काढतो. हेही शिकून घेतलंय चोरानं.

शाबान २५, जुम्मा

सगळे नमाजाला गेले होते. मी गेलो नाही.

हौदाच्या तळाशी गाळ काढायची मोरी आहे, तिला लाकडी खुंटा मारलेला. हौद काठोकाठ भरलेला होता, निळाशार. बांधणी चांगली होती. दगडाला दगड असा बसवलाय की नख शिरत नाही. ते बघूनच जास्त राग आला.

मी बाहेरच्या अंगानं उतरलो आणि खुंटा उपटला. पाणी ओढ्यात गेलं. आवाज फार झाला, पण ऐकायला होतं कोण?

उद्या कळेल कारंजी कशी उडतात ते.

शाबान २६, शनिवार

नीट लिहायला हवं.

सकाळी गर्दी उसळली. शाहजादींचा मुक्काम होणार म्हणून वरची पायरी कालपासूनच कनातींनी बंद होती, हौदाकडे कुणी फिरकलंच नव्हतं. माझ्यापाशी फळी उचलायला दोन गवंडी तेवढे उभे. त्यांनी हौदात डोकावलं आणि पांढरे पडले. मी म्हटलं, "आपल्याला काय? खूण झाली की उचला."

नावा आल्या. सगळ्यात पुढे सुलाची नाव आणि तिच्यात मीर तुराब उभा. आमच्या घरासमोर नेहमीच्या जागी त्यानं नाव थांबवली, शाहजादीची नावही बरोबर तिथेच थांबवायला लावली. मग त्यानं हिरवं फडकं हलवलं.

मी गवंड्यांना म्हटलं, "उचला कारंज्यांची फळी."

एकजण म्हणाला, "कारंज्यांची नाही उस्ताद. हिरवं फडकं म्हणजे चादरीची. कारंजी नंतर, राहिलंच पाणी तर. मीरसाहेबांनी रोज घोकून घेतलंय. सगळा हौद चादरीसाठी आहे. शरदात झरा बारीक, चादर नुसती ओली होते म्हणून तर हौद बांधला."

मी काय म्हणालो ते आठवत नाही. त्यांनी फळी उचलली. तळाला राहिलेलं पाणी गढूळ होऊन आलं, एक बारीक ओघळ शिळेवरून अर्ध्यापर्यंत गेला आणि तिथेच जिरला.

वरून मला तळं दिसत होतं, नावा दिसत होत्या. फडकं दुसऱ्यांदा हललं. मग हललं नाही.

माझ्याच चादरीसाठी. इतक्या नावा थांबवून, सगळ्यांना तोंड वर करायला लावून त्यानं माझी चादर दाखवायला घेतली होती. आणि तिच्या तोंडचं पाणी मी काढून घेतलं.

तो पळत वर आला. दारोग्याच्या आधी पोचला. हौदात बघितलं, बाहेरच्या अंगाला गेला, गवतात पडलेला खुंटा उचलला. चिखलात माझ्या जोड्यांचे ठसे होते. माझ्या जोड्यांची टोकं वर वळलेली नाहीत. तो ठशांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मग त्यानं खुंटा मोरीत बसवला, मुठीनं ठोकला आणि पायानं चिखल सारखा केला.

दारोगा धापा टाकत आला. "हे काय झालं? कुणी केलं?"

मीर तुराब म्हणाला, "मी. बांधणीत चीर राहिली. पाणी झिरपलं. माझी चूक आहे."

दारोग्यानं त्याला जे बोलायचं ते बोलून घेतलं. सगळ्यांसमोर. मी तिथेच उभा होतो.

शाबान २८, सोमवार

शाहजादी गेली. जाताना म्हणाली म्हणे, "आजीच्या वेळचा माणूस अजून आहे ना? त्याच्याकडेच असू दे पाणी." मी मीर-ए-आब झालो. मानाचा जरीचा झगा मिळाला. बाह्या लांब आहेत.

मीर तुराब पहाटेच गेला. झूनला भेटून गेला, मला नाही. मी परसात होतो. म्हणजे मुद्दाम होतो.

दिवेलागणीला झूननं ताट वाढलं आणि समोर बसली.

"जुम्म्याला इमामसाहेब विचारत होते," ती म्हणाली, "लस्सा जू का नाही आला?"

मी घास चावत राहिलो.

"तुमच्या जोड्यांचा चिखल मी धुतला त्या दिवशी. वाटलं, ओढ्यात कुठे पाय घसरला असेल. आज वाटत नाही तसं." मग म्हणाली, "लहान असताना बापाबरोबर शाली विकायला आला होता तो इकडे. तळ्यावरून त्यानं तुमची चादर बघितली. तेव्हापासून पाण्याचं काम शिकला. मला म्हणाला, भाभी, उस्तादांनी ती कधी नावेतून बघितलेली नाही, ऐकून मला झोप येईना. वसंतात बर्फ वितळतं तेव्हा ती भरून वाहते, पण तेव्हा शाहजादी लाहोरात असते. तिला दाखवायची असेल तर शरदातच दाखवायला हवी. म्हणून हौद. तुम्हाला अचानक दाखवायची होती त्याला. अचानक!"

"तू का सांगितलं नाहीस?"

"वचन दिलं होतं. आणि मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल." ती उठली. "जाताना एकच विचारलं त्यानं. उस्ताद आता तरी नावेत बसतील का?"

झगा पेटीत टाकलाय. त्याला हात लावावासा वाटत नाही.

माझ्यासाठी त्यानं नाव घालवलं, आणि तेही अशा रीतीनं की मला त्याला शिव्यासुद्धा देता येऊ नयेत. चांगुलपणातही हा माझ्या वरचढ. ही जळजळ कुठल्या ओव्यानं जाणार?

रमजान १३, सोमवार

हौद पुन्हा भरला. मीच भरवला. फळी मी बसवली, रोज जाऊन पाणी किती चढलं ते मीच बघितलं. बांधणीत कुठे चीर नाही. दारोगा म्हणाला, "आता कुणासाठी भरतोस?" मी म्हटलं, "माझ्यासाठी."

आज दुपारी सुलाला बोलावलं. त्यानं आधी मला बघितलं, मग आभाळाकडे बघितलं. "बकरी नावेत? कयामत आली का हो उस्ताद?" झूनही आली बरोबर. तिनं लाल चादर अंगावर घेतली होती.

पोट ढवळलं. पण रोजा होता, ओकायला आत काही नव्हतं. मी डोळे मिटून, नावेची कड धरून बसलो. नाव थांबली तशी सुला म्हणाला, "हीच जागा. मीरसाहेबांनी इथे काठी रोवायला लावली होती मला. एक हात इकडेतिकडे झालं तर चालायचं नाही."

पाण्यात वाळुंजाची एक काठी होती. तिला हिरव्या फडक्याची चिंधी बांधलेली.

वर फळीपाशी गवंडी उभे होते. हिरवं फडकं कुणी आणलं नव्हतं. झूननं अंगावरची चादर काढली, उभी राहिली आणि हलवली. नाव डुलली. मी "बस खाली, बस" म्हणतोय तोवर पाणी सुटलं.

आधी काहीच नाही. मग दरवाजाच्या कमानीत, दोन्हीकडच्या लाल चिनारांच्या मधोमध, वरपासून एक पांढरी पट्टी उलगडत आली. आवाज नाही, इतकं लांब. कमानीच्या आत ती अशी बरोबर बसली, जशी कुणी मोजून शिवलीय. मोठ्या बेगमसाहिबांनी रेघ का सरळ मारली होती ते मला आज कळलं, या वयात. वारा पडला होता, तळं स्वच्छ होतं. चादर तळ्यातही उतरली, उलटी, काठापासून पार आमच्या नावेपर्यंत आली. हात घातला असता तर माझ्या हाताला लागली असती. ती सगळी या काठीपासूनच अशी दिसते. सुलानं नाव वावभर सरकवून दाखवली, तर कमानीनं निम्मी कापली. "परत आण," मी ओरडलो. "परत आण!"

हौद रिकामा होईपर्यंत आम्ही तिथेच होतो. रोजा सोडायची वेळ टळून गेली, तेही ध्यानात आलं नाही.

काठावर उतरताना सुलानं विचारलं, "काठी काढू का आता?"

मी म्हटलं, "हात लावलास तर बघ." मग विचारलं, "लाहोरची घाटवाट बर्फानं कधी बंद होते?"

"अजून पंधरा दिवस आहेत."

झूननं माझ्याकडे बघितलं आणि ती सरळ घरात शिरली. ती आत दशम्या करतेय. किती, ते मी विचारलं नाही. एका माणसाच्या जेवणाच्या नक्कीच नाहीत, वाटेसाठी करतात तेवढ्या आहेत.

सगळ्यांसमोर म्हणायचं आहे मला ते. लाहोरात, त्याच्या लोकांसमोर, की खुंटा मी उपटला. म्हणेन बहुतेक. पण त्याआधी त्याला एक विचारणार आहे. माझ्या हातची चादर, जन्मभर तिच्यातली पानं मी वेचली, आणि तिला पहिल्यांदा पाहिलं ते यानं. तेव्हा ती कशी दिसली होती?